वरचा

१

रोज सकाळी नऊच्या सुमारास मी बाबांना खिडकीजवळच्या खुर्चीत बसवायचो, पायांवर ब्लँकेट टाकायचो, हाताशी पाण्याचा पेला ठेवायचो आणि शिडी चढून माळ्यावर जायचो. दुपारी जेवायला खाली, मग परत वर. उजेड कमी झाला की काम बंद. कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की हे सगळं बाबांसाठीच चाललंय, थंडीच्या आत छप्पर नीट व्हायला हवं.

हे अर्धंच खरं होतं.

बाबांचं आयुष्य शिलाई मशिनं दुरुस्त करण्यात गेलं. हे ओळीने तीन खोल्यांचं घर त्यांनीच घेतलेलं, पण आई गेल्यावर ते विसरायला लागले आणि ताई त्यांना आपल्याकडे घेऊन गेली. दोन वर्षं तिने सांभाळलं. नोकरी, घर आणि बाबा, सगळं एकटीने. मग मेहुण्यांच्या पाठीचं ऑपरेशन निघालं, आणि ताई मला पहिल्यांदाच म्हणाली, ‘आता तू बघ.’ मी नाही म्हणायला कारण शोधलं, पण सापडलं नाही. छापखाना बंद पडल्यापासून मी मोकळाच होतो आणि बायको केव्हाच वेगळी राहायला लागली होती. म्हणून बाबांना घेऊन मी या घरात आलो.

घर बर्फासारखं गार. गवंड्याने माळ्यावर डोकं घालून पाहिलं आणि म्हणाला, छप्पर नवं करायच्या भानगडीत पडू नका, तक्तपोशीवर काचेची लोकर पसरा, अर्धी थंडी तिथेच अडेल, आणि तुमचं तुम्हाला जमेल. तक्तपोशी म्हणजे खोल्यांच्या वरचं फळ्यांचं छत. त्याच्या आणि कौलांच्या मध्ये माणूस वाकून चालेल एवढा माळा होता. एक बंद पडलेलं शीतगृह पाडत होते, तिथून मी लोकरीच्या गुंडाळ्या उचलून आणल्या. काम आठ दिवसांचं होतं. मी ते तीन आठवडे पुरवलं.

कारण माळ्यावर बाबा नव्हते. ‘आपण घरी कधी जायचं?’ हे दिवसातून चाळीसदा विचारणारं कोणी नव्हतं. ओली चादर नव्हती, सांडलेलं सूप नव्हतं. घशात काचेची कुसं जायची, मनगटं खाजून लाल व्हायची, तरी मला तिथे बरं वाटायचं.

चौथ्या दिवशी बाबा एकच बूट घालून दाराशी उभे राहिले. घरी जायचं म्हणाले. मी त्यांना परत आणून बसवलं. ते उठले, मी परत बसवलं. असं किती वेळा झालं ते मोजलं नाही. शेवटी मी त्यांचं मनगट धरलं आणि ओढलं. ओढलं म्हणजे खुर्चीपर्यंत फरफटत नेलं. ते ओरडले नाहीत, नुसते माझ्या हाताकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी तिथे चार बोटांचे निळे वळ होते.

ताईला मी फोनवर सांगितलं की दाराच्या कडीवर हात आपटला. ती म्हणाली, ‘बर्फ लाव.’ तोही मी लावला नाही.

२

माळ्यावर गेलं की घर वेगळंच ऐकू यायचं. फळ्या जुन्या, सांधे उघडे, त्यामुळे खालचं सगळं वर यायचं. स्वयंपाकघरातला गळका नळ, बाबांच्या खुर्चीचा करकर आवाज, त्यांचा खोकला, ब्लँकेट सावरणं. खाली असताना मी यातलं काहीच ऐकत नव्हतो. वर गुडघ्यांवर बसून, तोंडाला मास्क लावून, कटरने लोकर कापताना मात्र बाबा कधी झोपले, कधी जागे झाले, ते मला बरोबर कळायचं.

ते स्वतःशी बोलायचे, हे मला माहीत होतं. ताईनेही सांगितलं होतं. एखादं गिऱ्हाईक आठवायचं, एखादा सुटा भाग हरवलेला असायचा, त्याबद्दल ते पुटपुटत बसायचे.

दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी मी स्वयंपाकघरावरचा भाग पुरा करत होतो. बाबांचं बोलणं चालू होतं. मी लक्ष देत नव्हतो, पण हात कधी थांबला ते मलाच कळलं नाही. काहीतरी खटकलं होतं, आणि काय ते कळायला जरा वेळ लागला.

स्वतःशी बोलणारा माणूस मध्ये थांबतो तो दम घ्यायला. बाबा थांबत होते ते उत्तरासाठी. ते काही विचारत, मग शांतता, मग ‘हां, हां, बरोबर,’ मग पुढचं. शांतता दर वेळी वेगळ्या लांबीची होती. आणि एका शांततेनंतर ते हसले. आई गेल्यापासून मी त्यांना हसताना ऐकलं नव्हतं. पोटातून, खोकला येईपर्यंत हसले, आणि म्हणाले, ‘बारक्या, तू म्हणजे कमाल आहेस.’

बारक्या म्हणजे मी. लहानपणी घरात सगळे मला तेच म्हणत. या घरात आल्यापासून बाबांनी मला कशानेच हाक मारली नव्हती. ‘अहो’ म्हणायचे, नाहीतर नुसतं बघायचे.

मी स्वतःला समजावलं. त्यांच्या डोक्यात मी असेन पाच वर्षांचा, त्याच्याशी बोलत असतील. यात घाबरण्यासारखं काय? मी गुंडाळी उलगडली आणि मुद्दाम जरा आवाज करत कापायला लागलो.

खालचं बोलणं तिथेच थांबलं. बाबांचं थांबलं, ते ठीक. पण खुर्चीचा पाय सरकल्याचा आवाज आला, आणि बाबांची खुर्ची सरकत नाही. तिला खाली रबर लावलेलं आहे.

३

पुढच्या दिवशी मी बाबांच्या खोलीच्या बाजूने काम धरलं. का, ते मी स्वतःला विचारलं नाही.

अकरा वाजता दुसरा आवाज ऐकू आला.

आधी शब्द कळेनात. पुरुषाचा, खालच्या पट्टीतला आवाज. मी मास्क काढला, श्वास धरला. रेडिओ नव्हता, तो बिघडलेलाच होता. शेजारचं घर शंभर पावलांवर. पाइपातून वारा घुमत असेल म्हणावं, तर वारा पडलेला होता. मग मला आठवलं की बाबा नकला छान करायचे. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांचे आवाज काढून आम्हाला जेवताना हसवायचे. तेच असणार. दोन्ही आवाज तेच काढत असणार. मला इतकं हायसं वाटलं की मी जवळजवळ हसलो.

तेवढ्यात बाबा खोकले. खोकल्याची उबळ चांगली अर्धा मिनिट चालली, आणि ती चालू असतानाच दुसरा आवाज म्हणाला, ‘पाणी घ्या. घाई नाही. एक एक घोट.’

मग बाबांनी विचारलं, ‘आपण घरी कधी जायचं?’

या प्रश्नाला मी काय म्हणायचो? हेच घर आहे, किती वेळा सांगू, म्हणायचो. पुढे पुढे तर तेही नाही.

‘जाऊ ना बाबा,’ तो आवाज म्हणाला. ‘गारठा जरा कमी होऊ दे. तोवर मला सांगा, घरात काय काय आहे?’

आणि बाबा सांगायला लागले. खिडकीखाली मशिन आहे. मशिनशेजारी खोका आहे, मशिन ज्यात आलं तो. त्यात जुन्या कापडाची गादी करून बारक्याला झोपवायचो, कारण मशिनचा आवाज थांबला की तो रडायचा. त्याची आई म्हणायची, पोराला काय लोखंडाची अंगाई लावलीस. मला यातलं काहीही माहीत नव्हतं. पंचेचाळीस वर्षांत मी कधी विचारलं नव्हतं.

मी ऐकत राहिलो. तो आवाज मध्ये मध्ये नुसता ‘मग?’ म्हणायचा. स्वतःचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये ऐकला की माणसाला जशी लाज वाटते, हा मी इतका नाकात बोलतो का असं वाटतं, तशी लाज मला त्या ‘मग?’ने वाटायला लागली. आधी लाज वाटली. आवाज कोणाचा ते नंतर कळलं.

मी शिडीवरून इतक्या घाईने उतरलो की शेवटच्या दोन पायऱ्या चुकल्या. खोलीत बाबा एकटे होते. त्यांच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ, स्वयंपाकघरातली खुर्ची ठेवलेली होती. मी तिच्यावर हात ठेवला. लाकूड गार होतं. आपण काय तपासतोय, असं वाटून हात मागे घेतला.

बाबांनी माझ्या केसांतल्या पिवळ्या कुसांकडे, मास्ककडे पाहिलं.

‘तुम्ही वरचे ना?’ त्यांनी विचारलं. अगदी अदबीने, आणि दोन्ही हात ब्लँकेटखाली घेतले.

४

ताईला सांगावं असं रोज वाटायचं. फोन हातात घ्यायचो. पण काय सांगणार? मी वर असताना खाली मीच असतो आणि मी तिथे बरा वागतो, असं?

मी खाली थांबूनही पाहिलं. एक अख्खा दिवस बाबांसमोर त्याच खुर्चीत बसलो आणि म्हणालो, बाबा, घरात काय काय आहे सांगा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि ताप आलेल्या माणसासारखे गप्प राहिले. दुपारपर्यंत मी वैतागलो. त्यांच्या पायाची नखं वाढून वाकडी झाली होती, मोज्यात अडकत होती, आणि ती कापायचं मी आल्या दिवसापासून टाळत होतो. मनाशी म्हटलं, निदान तेवढं तरी करू. मोजा काढला, वास आला, आणि मी मोजा परत चढवला.

दुसऱ्या दिवशी मी वर गेलो.

बाबांच्या खोलीतला मधला दिवा वायरमनने काढून भिंतीवर बसवला होता, त्यामुळे तक्तपोशीत पेल्याच्या तोंडाएवढं भोक राहिलं होतं. मी त्याच्यापासून दोन हातांवर लोकर पसरत होतो. खालून टक्, टक् असा आवाज यायला लागला. थोड्या थोड्या वेळाने, बारीक, कोरडा.

‘हळू हं, बारक्या.’

‘हळूच करतोय. दुखलं तर सांगा.’

मी तुळयांवर आडवा झालो. अंगाखाली लोकर, कोपरांत कुसं शिरत होती. भोकाला डोळा लावायला मला किती वेळ लागला ते सांगता येणार नाही. लावू नये असं फार वाटत होतं.

बाबांचं टक्कल दिसलं. ब्लँकेटची कड दिसली. पसरलेलं वर्तमानपत्र, त्यावर कोणाची तरी मांडी, आणि मांडीवर बाबांचा उघडा पाय. तो पाय एका हाताने टाचेखाली धरला होता, पक्ष्याचं पिल्लू धरावं तसा, आणि दुसऱ्या हातात नेलकटर होता. त्या हाताची तर्जनी एका पेराने आखूड होती.

माझं ते पेर छापखान्यात कागद कापायच्या मशिनमध्ये गेलं. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगत आलोय की या बोटामुळे मला बारीकसारीक कामं जमत नाहीत. खालचा हात त्याच आखूड बोटाने नख वर उचलून धरत होता आणि खालून कटर सरकवत होता, अगदी सहज.

मग हात थांबला. नेलकटर वर्तमानपत्रावर ठेवला गेला. मांडी जराशी मागे झाली, जसा माणूस वर बघण्याआधी मागे होतो.

मी डोळा काढला. तोंड लोकरीत दाबून पडून राहिलो.

संध्याकाळी बाबांना झोपवताना मी मोजे काढले. दहाही नखं कापलेली होती, कडा घासून गुळगुळीत केलेल्या होत्या. पायांना तेल लावलेलं होतं. बाबांना आपल्या गुडघ्यापर्यंतसुद्धा वाकता येत नाही.

सकाळी वर गेलो तर भोकातून उजेड येत नव्हता. त्यात वर्तमानपत्राचा बोळा गच्च कोंबलेला होता. खालून.

५

एवढं झाल्यावर कोणीही काम सोडलं असतं. पण सोडायचं म्हणजे खाली राहायचं, आणि खाली राहायला मी वरच्यापेक्षा जास्त घाबरत होतो. वरच्या भीतीत निदान मला कोणी बघत नव्हतं.

त्या दिवशी मी माळ्यात शिरायच्या झडपेपासून सगळ्यात लांबच्या टोकाला होतो, वळचणीपाशी, जिथे पोटावर सरपटावं लागतं. खालचं बोलणं चालू होतं, आणि मी ऐकायचं नाही असं ठरवलं होतं. तरी बाबांचा प्रश्न ऐकू आला, कारण ते घाबरून, आवाज चोरून बोलत होते.

‘वरचा कधी जाणार?’

‘काम संपलं की.’

‘तो खाली येतो.’

‘आज नाही येणार,’ तो आवाज म्हणाला.

मी उलटा सरपटत झडपेपाशी आलो. शिडी नव्हती. खाली नुसती फरशी दिसत होती, आणि तिच्यावर शिडीच्या पायांचे दोन धुळकट ठसे.

मी हाक मारली. आधी हळू, बाबा म्हणून. मग मोठ्याने. मग ताईचं नाव घेऊन, जी तिथून दोन तासांवर होती. माझा आवाज कौलांना लागून परत माझ्याच अंगावर पडत होता.

‘हाका मारतोय तो,’ बाबा म्हणाले.

‘मारू दे. थोड्या वेळाने थांबतात.’

हे वाक्य माझं होतं. पंधरा दिवसांपूर्वी मी ताईशी फोनवर बोलत होतो, आतून बाबा कोणाला तरी बोलावत होते. ताईने विचारलं, ‘काय झालं त्यांना?’ आणि मी म्हणालो होतो, ‘मारू दे हाका. थोड्या वेळाने थांबतात.’ तेव्हा बाबा खरंच थोड्या वेळाने थांबले होते.

मीही थांबलो. तासभर तरी झडपेच्या कडेला पाय सोडून बसलो असेन. लघवीला लागली होती. शेवटी कडेला लोंबकळून खाली उडी टाकली आणि घोट्यात लचक भरली. शिडी बाहेर अंगणात होती, भिंतीलगत नीट आडवी ठेवलेली. दाराला आतून कडी होती. अंगणात चिखल होता आणि बाबांच्या सपाता कोरड्या.

शिडी अॅल्युमिनियमची, हलकी. बाबांनी नेली असेल. नेऊन ठेवली, पाय पुसले, सपाता पुसल्या, कडी लावली, परत येऊन बसले. हे मी मनात दोनतीनदा जुळवून पाहिलं. जुळत होतं, जवळजवळ.

मी लंगडत खोलीत गेलो. बाबांनी खांदे आत ओढून घेतले. ते वाट बघत होते, मी त्यांना कुठे धरतो याची.

६

दुसऱ्या दिवशी मी शिडी झडपेला दोरीने बांधली आणि उरलेली सगळी लोकर बाबांच्या खोलीवर घातली. एक थर पुरे असं गवंडी म्हणाला होता. मी तीन घातले. सांध्यांत पट्ट्या कापून दाबल्या, भोकावर फळी ठोकली, तिच्यावर लोकर रचली. हे मी थंडीसाठी केलं नाही. मला ते ऐकायचं नव्हतं. बाबांशी कसं वागायचं, कसं बोलायचं, हे रोज खालून कोणीतरी मला सांगतच होतं. दुसऱ्या एखाद्याने शिकून घेतलं असतं.

तिसऱ्या थरानंतर आवाज बुडाले. आधी शब्द गेले, मग सूर गेला, मग नुसतं कोणीतरी आहे एवढंच राहिलं, आणि मग तेही नाही. मी झडप लावली, खिळे ठोकले.

घर उबदार झालं. शेगडी विझल्यावरही ऊब टिकायला लागली. माळ्यावर जायचं काही कारण राहिलं नाही, तेव्हा मी दिवसभर अंगणात कचरा गोळा करायचो, फाटक रंगवायचो, विहिरीच्या कठड्याचे दगड उगाच काढून परत बसवायचो. आत गेलो की बाबा जेवलेले, पुसलेले, केस विंचरलेले असायचे. मी हे बघायचो आणि शेगडीत लाकूड सारायचो.

रविवारी ताई आली. दारातच थबकली. म्हणाली, किती ऊब आहे रे. मग बाबांकडे गेली, त्यांचे हात बघितले, वळ गेले होते. पाय बघितले. मानेमागचे केससुद्धा कापलेले होते, ते मलाही तेव्हाच दिसलं. ती खुर्चीपाशी खाली बसली आणि रडायला लागली.

‘मला वाटलं होतं तुला नाही जमणार,’ ती म्हणाली. ‘खरं सांगू, मी एका वृद्धाश्रमात चौकशी करून ठेवली होती. तुझ्यावर विश्वासच नव्हता माझा. माफ कर.’

‘अगं, असू दे,’ मी म्हणालो.

‘दुपारी बाबांच्या मोबाइलवर फोन केला की मागून तुझा आवाज यायचा. मशिनबद्दल विचारत असायचास, त्या खोक्याबद्दल. मी मुद्दाम फोन ठेवायचे नाही, ऐकत बसायचे.’ तिने नाक पुसलं. ‘इतकं छान बोलतोस तू, आणि आम्हाला कधी कळलंच नाही.’

ही वेळ होती सांगायची. ताई माझ्या समोर होती, बाबा शेजारी होते, बाहेर लख्ख उजेड होता. मी म्हणालो, ‘त्यात काय एवढं. सवय झाली आता.’

बाबा खिडकीबाहेर बघत होते. ताईने माझा हात धरून त्यांच्या हातावर ठेवला. त्यांचा हात माझ्या हाताखाली मासोळीसारखा थरथरला आणि निसटला. ताईचं लक्ष नव्हतं, ती डोळे पुसत होती.

७

पुढचे तीन दिवस मला झोप लागली नाही. भीती होती, पण तिच्याशी माझी ओळख झाली होती. ताईचं ते ‘माफ कर’ मात्र गिळता येईना. बुधवारी दुपारी चार वाजता मी फोन घेऊन अंगणात गेलो. फार गार होतं. दार ओढून घेतलं, कुलूप आपोआप लागलं. भिंतीला टेकून ताईला फोन लावला आणि ती ‘बोल’ म्हणाली तसं एका दमात सांगून टाकलं.

‘ताई, बाबांच्या हातावर वळ होते ना, ते कडीचे नव्हते. मी ओढलं होतं त्यांना. फरफटत नेलं होतं.’

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

‘माहीत आहे मला,’ ती म्हणाली. ‘रविवारी बाबांनीच सांगितलं. तू चहा करायला गेला होतास तेव्हा. म्हणाले, आधी इथे एक माणूस असायचा, तो हात ओढायचा. मग बारक्या आला.’

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

‘मी समजायचं ते समजले. त्यांच्या दृष्टीने ती दोन माणसं आहेत, आणि एका अर्थी खरंच आहे ते. तू बदललास. मला तेवढं पुरे आहे. तो विषय परत काढू नकोस.’

‘नाही ताई, ऐक तरी. तो मी नाही. म्हणजे नखं कापणारा, ते बोलणारा—’

‘असं होतं माणसाचं,’ ती म्हणाली. तिला वाटलं मी लाजतोय. लाजतच होतो. ‘स्वतःचं चांगलं वागणं आपलं वाटत नाही कधी कधी.’

तेव्हा मला बाबांचं हसणं ऐकू आलं. भिंतीपलीकडून, पोटातून येणारं.

मी खिडकीकडे वळलो. काचेवर आतून वाफ धरली होती. या घराच्या काचांवर पूर्वी कधी वाफ धरली नव्हती, आतबाहेर सारखंच गार असायचं. वाफेतून बाबांची खुर्ची दिसत होती, ब्लँकेटचा लाल रंग दिसत होता, आणि समोर कोणीतरी पाठमोरं बसलेलं दिसत होतं. पुढे झुकून, कोपरं गुडघ्यांवर ठेवून. बाबांनी हात लांब केला आणि त्या माणसाच्या डोक्यावर ठेवला. त्याने मान खाली घातली, ठेवू दिला.

‘कोण हसतंय?’ ताईने विचारलं. ‘बाबा?’

‘हो.’

‘किती दिवसांनी ऐकलं रे.’

तो उठला. खिडकीपाशी आला. आतून तळहात काचेवर टेकला आणि वाफ पुसली गेली, एका वाटीएवढी. त्या जागेतून मला कपाळ दिसलं आणि एक डोळा. रागावलेला नव्हता. दाराशी आलेल्या फेरीवाल्याकडे बघावं तसा तो बघत होता, काही नको आहे म्हणून सांगण्यासारखा, जरा दिलगीर. मग त्याने पडदा ओढून घेतला, सावकाश, बाबांच्या अंगावर गारठा येऊ नये म्हणून ओढतात तसा.

बोटं बधिर झाली होती. किल्ली खिशातच होती, दुसऱ्या हाताने मी ती धरून ठेवली होती. दार चार पावलांवर होतं. आत बाबांनी काहीतरी विचारलं, आणि उत्तर आलं. शब्द कळले नाहीत.

‘अरे, मग तू बाहेर काय करतोयस एवढ्या थंडीत?’ ताई म्हणाली. ‘वारा ऐकू येतोय मला. जा ना.’

‘जातो,’ मी म्हणालो, आणि फाटकाकडे चालायला लागलो.